टीव्हीवेडा पोरगा आणि फिजिक्सचे ९ मार्क

"मॅडम, टीव्ही विकूनच टाकू का आता?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच माझ्याकडे. मागच्या वर्षी इथल्याच, सोलापूरच्या अशोक चौकाकडून एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत), सोबत अकरावी सायन्सचा पोरगा. दहावीला ८४ टक्के आणि अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ९. "रात्रंदिवस सीआयडी बघायलंय बघा, टीव्हीवरचं संपलं की मोबाईलवर, डोकंच बंद पडलंय ह्याचं." मालिका सुरू झाली १९९८ ला, याच्या जन्माच्या कितीतरी आधी, पण जुने एपिसोड नेटवर कुठे संपतात.

ताईंना बाहेर बसवलं आणि त्याला म्हटलं, तुला आवडलेली एक केस सांग. लेकानं वीस मिनिटं सांगितली! कोण कुठं उभं होतं, घड्याळ कुणाच्या हातात, कोण खोटं बोललं, सगळं ओळीत. म्हणजे डोकं बंद वगैरे काही नव्हतं. मग फिजिक्सचं एक गणित पुढं ठेवलं. दोनदा वाचलं आणि माझ्याकडं बघत बसला. काय अडलं विचारलं तर म्हणाला, "यातलं महत्त्वाचं कुठलं तेच कळंना ओ."

इथंच मला धागा सापडला. मालिकेत महत्त्वाचं काय ते कॅमेरा सांगतो. तुटलेलं बटण जवळून दाखवतात, मागं म्युझिक वाजतं, की आपण सावध. पुस्तकात तसं कोणी झूम करून दाखवत नाही, तिथं बटण आपणच शोधायचं असतं, आणि हा पोरगा नकळत म्युझिकची वाट बघत बसायचा. शिवाय मालिकेत केस ठरलेल्या वेळात सुटतेच, त्यामुळे दहा मिनिटांत उत्तर आलं नाही की हा वही बंद करून मोकळा.

दुसरी गोष्ट ताईंनीच जाता जाता सांगितली, की हा धाकट्या बहिणीला सात रस्त्याच्या क्लासला एकटी जाऊ देत नाही, शेजारच्या भाड्यानं राहणाऱ्या पोरावर संशय घेतो. मला मार्कांपेक्षा हे जास्त खटकलं. जॉर्ज गर्बनर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७० च्या दशकात मांडलं होतं की फार टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. हा परिणाम नक्की किती होतो यावर पुढं बरेच वाद झाले, आणि खरं सांगायचं तर काळजी करणारा भाऊ टीव्ही नसलेल्या घरातही असतो. पण रोज चार खून बघून झोपणाऱ्या पोराला शेजारी संशयित वाटला तर नवल नाही.

झोपेचं तर विचारूच नका. वडील कारखान्यात रात्रपाळीला, आजीच्या मालिका सातपासून दहापर्यंत, घर दीड खोलीचं, मग हा अभ्यासाला बसणार कुठं? बसायचा तो मोबाईल घेऊन, रात्री एकपर्यंत, आणि सकाळी सातचं कॉलेज.

टीव्ही विकायला मी नाहीच म्हटलं. (विकला असता तर पहिली आजी भांडायला आली असती.) संध्याकाळी त्यानं अभ्यासिकेत जायचं ठरलं आणि मोबाईल रात्री साडेदहाला आईकडं. सीआयडी शनिवार-रविवार, पण एक अट घातली, एपिसोड मध्येच थांबवायचा आणि वहीत दोन रकाने करायचे, काय माहीत आहे आणि काय शोधायचं आहे. हेच दोन रकाने फिजिक्सच्या प्रत्येक गणिताला. आणि मालिकेत कुठं फसवलंय तेही लिहून आणायचं. पहिल्याच आठवड्यात घेऊन आला, "डीएनएचा रिपोर्ट लगेच कसा येतो ओ मॅडम?" खऱ्या लॅबमध्ये नमुन्यातून डीएनए वेगळा काढायचा, त्याच्या प्रती वाढवायच्या, मग जुळवायचा, ते एका सीनचं काम नाही, हे त्यानं स्वतः शोधून वाचलं. फॉरेन्सिक सायन्सची डिग्री असते आणि तिथं फिजिक्स-केमिस्ट्रीला पर्याय नाही हे कळल्यावर चेहरा बघण्यासारखा होता.

सगळं छान झालं असं नाही. दिवाळीच्या सुट्टीत गाडी परत घसरली, ताईंचा वैतागून फोन, मोबाईल उशीखाली सापडला म्हणून. पुढच्या टेस्टला २५ पैकी १४. बहीण मात्र आता मैत्रिणीबरोबर क्लासला जाते, हा फक्त पोचलीस का म्हणून फोन करतो.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर (आमची सिद्धेश्वराची जत्रा) आला तेव्हा स्वतःहून वही उघडून दाखवली. सरळ वर फेकलेल्या चेंडूचं गणित होतं, खाली यायला वेळ किती लागेल, हवेचा विरोध धरू नका. चेंडूचं वस्तुमानही दिलेलं होतं आणि यानं त्यावर लाल पेनानं गोल केलेला. म्हटलं हे काय?

"ह्याचा काही संबंध नाही ओ मॅडम, उगंच संशयित म्हणून उभा केलाय. सोडून दिलो त्याला."