इफ लिहिलं तरी पार्सर त्याला व्हेरिएबल का समजतो?

प्रश्न: अँटलर ४ (ग्रामरवरून पार्सर बनवून देणारं टूल) मध्ये छोट्या स्क्रिप्टिंग लँग्वेजचं ग्रामर, म्हणजे भाषेचे नियम, लिहितोय. 'इफ' लिहिलं की लेक्सर (कोडचे सुटे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) आयडेंटिफायर, म्हणजे व्हेरिएबलसारखं नाव, म्हणून टोकन देतो, आणि फाइलमध्ये दोन ब्लॉक कॉमेंट असल्या की मधला सगळा कोडच गायब! शिवाय 'टाइप' हा कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) नवीन आणायचाय, पण जुन्या स्क्रिप्टमध्ये त्या नावाचे व्हेरिएबल आहेत. - एक वाचक, नाशिक

उत्तर: पहिलं म्हणजे लेक्सर पार्सरला (टोकन जोडून वाक्यरचना ओळखणाऱ्या भागाला) विचारत नाही हो, त्याला वाक्य कुठवर आलंय ते माहीतच नसतं. तो फक्त दोन गोष्टी बघतो, सगळ्यात लांब मॅच कोणती, आणि लांबी सारखी असेल तर फाइलमध्ये वर कोणता नियम आहे. 'इफ' दोन्ही नियमांत बसतं, लांबी तीच, म्हणजे तुमचा आयडेंटिफायरचा नियम वर असणार. कीवर्ड त्याच्या वर न्या, झालं. 'इन' कीवर्ड असला तरी 'इंडेक्स' तुटत नाही ते लांब मॅचमुळेच. पेग ग्रामरमध्ये (नियम क्रमाने तपासणारी, बहुधा वेगळा लेक्सर नसलेली पद्धत) मात्र ही सोय आपोआप मिळत नाही, तिथे कीवर्डनंतर पुढचं अक्षर नावात चालणारं नाही ना, हे स्वतः तपासावं लागतं.

कॉमेंटच्या नियमात तुम्ही .* (कितीही अक्षरं) लिहिलं असेल, ते हावरट असतं, शेवटच्या */ पर्यंत सगळं गिळतं. तिथे .*? करा, ते पहिल्याच */ ला थांबतं. आणि कृपा करून कॉमेंट आधीच फाइंड-रिप्लेसने काढून टाकायच्या भानगडीत पडू नका, स्ट्रिंगमध्ये वेब पत्ता असला की त्यातल्या // पासून पुढचं, ती कॉमेंटची खूण समजून, उडतं आणि मग एरर भलत्याच ओळीवर दिसते. उद्या फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं टूल) लिहायचा असेल तर कॉमेंट स्किप न करता हिडन चॅनलवर पाठवा, म्हणजे पार्सरला त्या दिसत नाहीत पण जपून राहतात, माणसाने लिहिलेली टीप हरवणं मला तरी पटत नाही. सी भाषेसारख्या कॉमेंट एकात एक बसत नाहीत, तुम्हाला तशा हव्या असतील तर अँटलरमध्ये लेक्सरचा नियम स्वतःलाच बोलवू शकतो.

आता 'टाइप'. पायथॉन ३.७ मध्ये 'एसिंक' पक्का कीवर्ड झाला आणि ते नाव वापरणाऱ्या लायब्ररी मोडल्या. ३.१० मध्ये 'मॅच' आणलं तेव्हा ते सॉफ्ट कीवर्ड (ठरावीक जागीच कीवर्ड, बाकी ठिकाणी साधं नाव) ठेवलं, म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनचं (मजकुरात नमुना शोधण्याच्या सोयीचं) जुनं मॅच फंक्शन तसंच चालत राहिलं. तुम्हीही तेच करा: टोकन वेगळं ठेवा, पण पार्सरमध्ये 'नाव' असा एक नियम करून त्यात आयडेंटिफायर किंवा टाइप दोन्ही चालू द्या, आणि जिथे जिथे नाव येतं तिथे हाच नियम वापरा.