एका दिवसाच्या ट्रेकसाठी ५०० रुपयांच्या आत, सॅकमध्ये मावेल असं तयार प्रथमोपचार किट कोणतं घ्यावं?

तयार किट घेऊच नका. ऑनलाइन मिळणाऱ्या त्या लाल पाऊचवर मोठ्या अक्षरात नगांची संख्या छापलेली असते आणि आत निम्म्याहून जास्त बँडएड आणि स्पिरिटचे वाइप्स निघतात. सह्याद्रीत माणूस जायबंदी होतो तो घोटा मुरगळून, बहुतेकदा उतरताना, घसाऱ्यावर, पाय थकल्यावर. त्या पाऊचमध्ये क्रेप बँडेज असलंच तर दोन इंची. ते मनगटाचं झालं. घोट्याला चार इंचीच लागतं, आणि चांगल्यातलं घ्या. यादीत पैसे टाकायची हीच एक जागा आहे.

आता इथे 'दुखण्यावरचा स्प्रे मारला की माणूस उतरतो' म्हणणारे येतील. आमच्याही ग्रुपमध्ये एक दादा आहेत, हा वाद त्यांच्याशी जुनाच आहे. स्प्रेने वरची कातडी गार पडते, कळ थोडा वेळ दबते, पण ताणलेल्या लिगामेंटला (हाडं जोडून धरणाऱ्या पट्ट्याला) आधार शून्य. बरं वाटलं म्हणून माणूस धाडकन पाय टाकतो आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. शिवाय तो डबा अख्ख्या किटपेक्षा जास्त जागा खातो.

स्वतः उतरायचं असेल तर बूट काढू नका. काढला की सूज पसरते आणि बूट परत चढत नाही. बुटावरूनच बांधा: घोट्याच्या वर दोन वेढे, मग पावलावरून तिरकं खाली, तळव्याखालून, पुन्हा वर, असा इंग्रजी आठचा आकडा. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवायचा. तळव्याखालून नेताना टाचेच्या पुढच्या खळग्यातूनच न्या, नाहीतर बँडेज दगडांवर घासून थोड्याच वेळात फाटतं. टोक सेफ्टी पिनने अडकवा, सोबत येणाऱ्या क्लिपा वाटेत गळतात. बोटं बधिर झाली तर सोडून सैल बांधा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबताच ओरड निघाली, तर हाड मोडलंय असं धरून चाला आणि त्याला चालवू नका.

बाकीचं पटकन. निर्जंतुक गॉझचे चार-पाच तुकडे (कापूस नको, जखमेला चिकटतो), पोव्हिडोन आयोडीनचं छोटं मलम (बाटली सांडते), हातमोज्यांची जोडी, छोटी कात्री, चिमटा, पाच-सहा बँडएड. मायक्रोपोर पावसाळ्यात घामाने सुटतो, कापडी चिकटपट्टी घ्या. टाच चुरचुरायला लागली की फोड यायच्या आधीच ती लावायची. पॅरासिटामॉल आणि सेट्रिझिनच्या (ॲलर्जीवरच्या) गोळ्या सुट्या नकोत. केमिस्टला पट्टीचं एक्सपायरी छापलेलं टोक मागा, तो बहुतेकदा नेमकं तेच स्वतःकडे ठेवतो.

ओआरएसची २०० मिलीची छोटी पाकिटं बरी. लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतलं की द्रावण दाट होतं, मळमळतं, आणि माणूस पितच नाही. डब्ल्यूएचओचं प्रमाण छापलेलंच घ्या. गोड पेयांवरून 'ओआरएस' हे नाव काढायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०२५ मध्ये लावलं ते उगाच नाही. हे सगळं झिपच्या पिशवीत, सॅकच्या वरच्या कप्प्यात. तुम्ही पडलात तर शोधणारा दुसराच असणार.

साप चावल्यावर विष ओढायचा पंप मिळतो, त्यावर एक रुपयाही घालवू नका. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते आणि ती दवाखान्यातच देतात. अंगठी, पैंजण, घड्याळ काढा, पाय हलू देऊ नका, आवळून काही बांधू नका, १०८ ला फोन लावा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

राहिलंच: ५०० मध्ये बसेल का, ते क्रेपवर ठरेल. घरात गॉझ, कात्री, पिना असतील तर सहज. दम्याचा पंप आणि नेहमीच्या गोळ्या मात्र ज्याच्या त्याने आणायच्या. सेट्रिझिनने काहींना गुंगी येते, कड्याच्या वाटेवर ते लक्षात ठेवा. आणि आग्या मोहोळ उठलं, ओठ सुजले, श्वास लागला तर गोळीवर विसंबून थांबू नका. एपिनेफ्रिनचं इंजेक्शन लागतं, आणि ते या पिशवीत नाही.