आईच्या गुडघेदुखीसाठी कोणती गोळी?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ या गोळ्या तिला रोज चालू आहेत. गुडघे दुखू लागले की ती घरात असलेली कॉम्बिफ्लाम घेते. शेजारच्या काकूंनी दिलेली डायक्लोफिनॅकची गोळीही तिने काही वेळा घेतली आहे. चिठ्ठीशिवाय घेता येईल असे सुरक्षित औषध कोणते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कोणते औषध घ्यावे हे सांगण्याआधी, कॉम्बिफ्लाम आणि डायक्लोफिनॅक या दोन्ही गोळ्या आईंनी स्वतःच्या मनाने घेणे आजपासून थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन ही एकाच गटातील औषधे असून ती प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होऊ न देता वेदना व सूज कमी करतात. परंतु जठराच्या अस्तराचे रक्षण करणारे आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणारे द्रव्यही तेच आहे. उतारवयात मूत्रपिंडाची क्षमता मुळातच घटलेली असते, त्यात टेल्मिसार्टन चालू असताना या गोळ्या घेतल्यास मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते, आणि सोबत लघवी वाढवणारे औषध असेल तर हा धोका अधिकच वाढतो. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमध्ये असे औषध मिसळलेले असते, म्हणून पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे नाव आहे का, ते अवश्य पाहावे. ॲस्पिरिनसोबत या गोळ्या घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, आणि आयबुप्रोफेनमुळे ॲस्पिरिनचा हृदयाला मिळणारा फायदाही कमी होऊ शकतो.

दुखणे केवळ गुडघ्याचे असेल तर पोटात घेण्याच्या गोळीपेक्षा डायक्लोफिनॅकचे जेल आधी वापरून पाहावे. त्यातील औषधाचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. तरीही मूत्रपिंडाचा विकार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारूनच ते लावावे. जखमेवर लावू नये आणि लावल्यावर गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये.

पोटात घेण्यासाठी पॅरासिटामॉल हाच त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे. झिजलेल्या गुडघ्यांना त्याने मिळणारा आराम माफकच असतो, त्यामुळे दुखणे बळावलेल्या दिवसांपुरतेच ते घ्यावे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, किमान सहा तासांच्या अंतराने, दिवसाकाठी चारपर्यंत, एवढे आईंच्या वयाला पुरेसे आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत सोडियम बरेच असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी त्या टाळाव्यात. सर्दी-तापाच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. डोलो, क्रोसिन, कॅल्पोल ही नावे वेगळी दिसली तरी आतले औषध तेच आहे, हे घरातील सर्वांनी लक्षात ठेवले तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाणार नाही. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामाइनने वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवीही अडू शकते.

गुडघेदुखीवर हमखास गुण देणारी म्हणून विकली जाणारी, घटकांची नावे नसलेली चूर्णे मुळीच देऊ नयेत; अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे.

शौचाला डांबरासारखी काळी होणे, लघवी कमी होणे, पायांवर अचानक सूज येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. छातीत किंवा डाव्या खांद्यात दुखून घाम येत असेल तर वेदनाशामक देत न बसता तडक रुग्णालय गाठावे. आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांचा विचार करता आईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे, आणि तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, काकूंकडून आलेल्या गोळ्यांसकट, सोबत न्यावीत.