सिम्युलेशनमध्ये शहाणा, टेबलावर येडा

प्रश्न: ताई, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ६ सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटर) लावून रोबोटचा हात बनवलाय. कॉम्प्युटरवर आरआरटी या अल्गोरिदमने रस्ता मस्त निघतो, पण खरा हात थरथरतो आणि मधेच आर्डुइनो (सर्वोंना कमांड देणारा छोटा बोर्ड) रीसेट होतो. अल्गोरिदम बदलू का?

उत्तर: अरे, त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावतोस! आरआरटी १९९८ मध्ये स्टीव्हन लावॅल यांनी मांडला, आणि त्याचं काम एवढंच की कुठे न धडकता जाता येईल अशी सांध्यांच्या कोनांची वाट शोधायची, तीही इकडचे तिकडचे कोन रँडम उचलून, म्हणून ती वेडीवाकडीच निघते. किती वेळात कुठे पोचायचं हे साध्या आरआरटीत नसतंच, ते तूच ठरवायचं. आधी शॉर्टकट मारून, म्हणजे मधले वळसे गाळून, वाट सरळ कर, मग वेग हळू चढव, हळू उतरव. तू बहुतेक एक कोन झाला की धाडकन पुढचा देतोयस.

रीसेटचं म्हणशील तर तो करंटचा घोळ वाटतोय. एमजी९९६आर सारखी एकच सर्वो अडकली तरी ६ व्होल्टला साधारण अडीच अँपिअर ओढते, आणि यूएसबीतून मिळतो जेमतेम अर्धा. सर्वोंना वेगळा सप्लाय दे, ग्राउंड (मायनसची वायर) मात्र दोन्हीकडचं एकत्र जोड (हे विसरून मी एक अख्खी रात्र घालवलीय).

आणि हो, पॉवर चालू ठेवून हाताचं टोक बोटाने हलवून बघ. जरा खुळखुळलं तर गिअर ढिले आहेत, तिथे कोड काही करू शकत नाही. संशोधनातल्या फ्रँका हाताला सेकंदाला १००० वेळा कमांड जाते, आपल्या साध्या सर्वोला ५० वेळा, तेव्हा अपेक्षा तेवढ्याच ठेव.