गस्तीवर नवा आहेस, तर एवढं ऐक

भाऊ, नव्या पोरांचा घोटाळा एकाच जागी होतो: पोलिसांना फोन कधी करायचा?

चोरी डोळ्यांसमोर चाललीय, मारामारी आहे, कुणाच्या जिवाला धोका आहे, तर लगेच ११२. आधी सरपंचांना उठवू, चार जण गोळा करू, यात वेळ घालवू नको. सकाळी विहिरीवरची मोटार गेलेली दिसली, तर पोलीस पाटलांना कळव आणि ठाण्यात तक्रार दे. खुणा तुडवू नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अनोळखी माणसाला चोर समजणं. आपल्याकडे केळी भरायला मजूर रात्री-अपरात्रीही येतात. साक्री तालुक्यातलं राईनपाडा विसरू नको. १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. संशय आला तर लांबून विचारपूस कर. अंगाला हात लावू नको, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकू नको. गर्दी तापायला लागली की तेव्हाच ११२ लाव, त्या माणसाला वाचवण्यासाठी.

फोनवर आधी गाव, तालुका, मग रस्त्यावरची ठळक खूण सांग. नुसतं ‘बापूंच्या मळ्याजवळ’ म्हटल्यावर गाडी येत नाही.

कलमं नंतर शिकशील. आज मोबाईल पूर्ण चार्ज करून ये.