घरामागच्या १०-१२ कोंबड्यांचं खाद्य, औषधं पावसाळ्यात कशी ठेवावीत?

आधी खाद्याचं बघा, बाकीचं सोपं आहे. मका ओलसर राहून बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि कोंबडीचं यकृत खराब होतं. असा मका धुऊन-वाळवूनही देऊ नका, विष जात नाही. कडक वाळलेलं धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा. कोठी विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. उंदरांचाही त्रास वाचतो. पावसाळ्यात महिन्याभराहून जास्त खाद्य भरूच नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: कपाशीच्या फवारणीची औषधं आणि खाद्य एका खोलीत नको. त्यांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी कोंबड्यांच्या पाण्याला वापरू नका. ढोरांची सरकीची ढेपही वेगळी ठेवा. कोंबड्यांनी ती खाल्ली तर तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यानं अंड्याचा बलक हिरवट पडू शकतो.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस २ ते ८ अंश सेल्सिअसला लागते, म्हणून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नाही. लाईट वारंवार जात असेल तर साठवूच नका. द्यायच्या दिवशीच बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा. अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून देतात तो शिंपल्यांचा चुरा कोरड्या डब्यात कुठंही चालतो.