'संसर्गजन्य पुरळ' की 'संसर्गोत्तर पुरळ'?

खोकला, ताप, घसादुखी असा श्वसनमार्गाचा संसर्ग झाल्यावर काही मुलांच्या आणि तरुणांच्या ओठांवर, तोंडात, डोळ्यांत आणि कधी अंगावरही फोड येतात. वैद्यकात या आजाराला 'रिअ‍ॅक्टिव्ह इन्फेक्शस म्युकोक्युटेनिअस इरप्शन' असे नाव आहे. मराठीत त्याला 'संसर्गजन्य पुरळ' म्हणावे का, असा एका वाचकाचा प्रश्न आहे. म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्युत्पत्तीने पाहिले तर हा शब्द चुकीचा नाही. 'जन्य' म्हणजे 'पासून उत्पन्न झालेले', म्हणून 'जलजन्य' आणि 'कीटकजन्य' या शब्दांप्रमाणेच 'संसर्गजन्य' म्हणजे संसर्गातून उद्भवलेले. परंतु मराठीत 'संसर्ग' या शब्दाला जंतूंचा शिरकाव आणि निकटचा संपर्क असे दोन्ही अर्थ आहेत आणि 'संसर्गजन्य रोग' हा शब्दप्रयोग 'एकापासून दुसऱ्याला होणारा रोग' या अर्थी इतका रुळला आहे की वाचकाच्या मनात दुसरा अर्थ उमटतच नाही. गोवर आणि कांजिण्या या पुरळाच्या ओळखीच्या आजारांमुळे तो समज आणखी घट्ट होतो. येथे मात्र वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या खोकल्याने सुरुवात झाली त्याचे जंतू इतरांपर्यंत पोहोचू शकतात. पुरळ पोहोचत नाही, कारण ते त्या जंतूंविरुद्ध उसळलेल्या प्रतिकारसंस्थेच्या प्रतिक्रियेतून उठते असे मानले जाते. आधीच वेदनेने खाणेपिणे अशक्य झालेल्या मुलाला केवळ एका शब्दामुळे सगळ्यांनी दूर ठेवावे, हे मला फार अन्यायाचे वाटते.

म्हणून 'संसर्गोत्तर पुरळ' हा शब्द अधिक योग्य ठरेल. पुरळ बहुधा खोकला-ताप सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी, साधारण आठवडाभरात दिसते, तो क्रम या शब्दात येतो. कोणत्या जंतूमुळे, हे त्यात अध्याहृत राहते आणि तेही सोयीचे आहे. पूर्वीचे वैद्यकीय नाव केवळ मायकोप्लाझ्मा न्यूमोनिई या जिवाणूवरून पडले होते, परंतु क्लॅमिडिया न्यूमोनिई, इन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस आणि कोविड यांच्यानंतरही असेच चित्र दिसल्याने व्यापक नाव स्वीकारावे लागले.

खरी अडचण 'पुरळ' या शब्दाची आहे. मायकोप्लाझ्माशी निगडित २०२ रुग्णांच्या नोंदींचा जो आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ९४ टक्के रुग्णांच्या तोंडात आणि ८२ टक्क्यांच्या डोळ्यांत विकार होता, तर ३४ टक्क्यांच्या त्वचेवर पुरळ नव्हतेच. आपण पुरळ म्हणतो ते अंगावरचे. तोंडाच्या बाबतीत 'तोंड येणे' आणि डोळ्यांच्या बाबतीत 'डोळे येणे' हे आपले प्रयोग. त्यांतला पहिला येथे सौम्य पडतो, कारण या आजारात ओठ सोलवटून त्यांवर रक्ताळलेल्या खपल्या धरतात. दुसरा तर पुन्हा साथीच्या आजाराकडे नेतो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तातडीने दाखवण्याची गरज झाकून टाकतो. अशा ठिकाणी वाक्प्रचाराचा मोह टाळून 'तोंडातील व डोळ्यांतील श्लेष्मल त्वचेला (म्हणजे आतल्या ओलसर अस्तराला) जखमा होणे' असे सरळ लिहावे. 'अंगावर पित्त उठणे' हा प्रयोगही येथे चालणार नाही, कारण पित्ताच्या गांधी सहसा काही तासांत, फार तर दिवसभरात, विरतात. हे फोड तसे विरत नाहीत.

'रिअ‍ॅक्टिव्ह'साठी नुसते 'रिअ‍ॅक्शनचे पुरळ' लिहिण्याविरुद्धही सावध करतो, कारण बोलीत 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणजे औषध सोसले नाही, असाच अर्थ घेतला जातो. औषधांमुळे उद्भवणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम दिसायला याच्या जवळचा आहे, त्यातून खोकल्यासाठी औषध आधीच सुरू झालेले असते. त्यामुळे हा घोटाळा प्रत्यक्षातही होतो आणि दोहोंतील भेद डॉक्टरांनाच तपासून ठरवावा लागतो. लेखात पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'श्वसनसंसर्गानंतर प्रतिकारसंस्थेच्या प्रतिक्रियेतून त्वचेवर व श्लेष्मल त्वचेवर उठणारे पुरळ' असे पूर्ण लिहावे आणि पुढे 'संसर्गोत्तर पुरळ' हे संक्षिप्त रूप वापरावे.